ऊसतोडीची पोरं, टिळकांचे अभंग आणि झाकून ठेवलेल्या शिलाई मशिनी: एका गावच्या मंडळीविषयी

गावाचं नाव लिहीत नाही आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचंही नाही. खाली तक्रारी आहेत, आणि येत्या रविवारी मला त्याच सतरंजीवर त्याच बायांच्या शेजारी बसायचंय. नगर जिल्ह्यातलं, ऊस आणि बाजरी दोन्ही पिकवणारं, तालुक्याहून काळीपिवळीने पोचता येतं असं गाव, एवढं पुरे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जुना इतिहास सांगताना तोंडात नगरच येणार.

मी मूळची मिरजेची. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन हॉस्पिटलच्या सावलीत वाढले, नर्सिंग शिकले, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. मुलगा इकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट, म्हणून बिऱ्हाड इकडे. बदलीच्या नोकरीमुळे पुष्कळ मंडळ्या पाहिल्या. त्यातून एक सवय लागली: फलकावर काय लिहिलंय ते नंतर वाचायचं, आधी बघायचं की काम कोण करतंय. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, रजेवर गेले तरी जे चालू राहतं ते मंडळीचं. बाकीचं पाळकसाहेबांचं. या मंडळीत दोन्ही प्रकार भरपूर आहेत.

आधी उपासना. पाटीवर साडेनऊ आहे आणि घंटाही साडेनऊला होते. पण ती घंटा म्हणजे घरी चहा पिणाऱ्यांना इशारा. दहाला गाणं सुरू होतं. चपला बाहेर, बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, सगळे खाली. मागच्या भिंतीशी चार खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांसाठी आहेत. नव्या माणसाला कोणी त्यावर बसा म्हणत नाही, आपण होऊन बसायचं. पंखे चांगले आहेत. उन्हाळ्यात पत्र्याखाली दोन तास बसणाऱ्याला ही बारीक गोष्ट वाटणार नाही.

गायनासाठी मात्र लांबून यावं. पेटीवर निवृत्त शाळामास्तर, तबल्यावर त्यांचाच पुतण्या, टाळ बायांच्या हातात. टिळकांचा (लोकमान्य नव्हेत, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक) अभंग लागला की दुसऱ्या कडव्यापासून पुस्तकं मिटतात. म्हाताऱ्या डोळे मिटून गातात, ज्यांना अक्षरओळख नाही त्याही शब्द न चुकता गातात, आणि शेवटचं कडवं मास्तर मुद्दाम संथ घेतात. ही परंपरा नगरची आहे आणि तिला वय आहे. अमेरिकन मिशनच्या लोकांनी सुरुवातीला त्यांच्याकडच्या पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवले. ती गीतं अजून पुस्तकात आहेत आणि गाताना मराठी शब्द कुठेकुठे ओढाताणीत सापडतात. दुसरीकडे एकोणिसाव्या शतकातच नगरच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तनाला हात घातला होता; कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, मग वस्ती नगरला, आणि १९१९ मध्ये निधन होईपर्यंत लिहिणं चालूच. ओवी आणि अभंग त्यांच्या हाडीमासी असल्यामुळे त्यांच्या गीतांत कुठे जोड दिसत नाही. इथल्या बाया ते गातात तेव्हा शेजारच्या आळीतल्या हरिपाठाशी त्याचा स्वर जुळतो, आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

तरुण संघाने अलीकडे कीबोर्ड आणलाय. मला कीबोर्डचं वावडं नाही. पण हिंदी गाणी लावून, आवाज एवढा वाढवून, की टाळ वाजवणारीला आपला टाळ ऐकू येऊ नये, याला गायन कसं म्हणायचं? महिन्यातले दोन रविवार त्यांचे, दोन मास्तरांचे अशी वाटणी झालीय. तुम्ही पहिल्यांदा येत असाल तर मास्तरांचा रविवार विचारून या. उपदेशाबद्दल एकच सांगते: पाळकसाहेब तरुण आहेत, तयारी करून येतात, वीस मिनिटं उत्तम बोलतात. मात्र थांबतात चाळीस मिनिटांनी.

आता इतिहास. दाराशी संगमरवरी फलक आहे, त्यावर पाळकांची नावं आणि वर्षं. आत कपाटात एका वर्धापनदिनाला छापलेली पुस्तिका आहे, वीस रुपयांना मिळते, खजिनदारांकडे मागावी लागते. घ्या म्हणेन, कारण नगरच्या मिशनची मोठी हकीकत त्यात नीट आलीय. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये मिशनचं ठाणं नगरला बसलं, १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. मिस सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतिराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली; सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं तेही फरारबाईंकडे. ही पानं मी नातीला मोठ्याने वाचून दाखवली.

पण हा नगरचा इतिहास झाला. या गावचा कुठाय? पुस्तिकेत मिशनरी साहेबांचे फोटो आठ, गावच्या माणसाचा एक, तोही साहेबांच्या घोड्याचा लगाम धरून. खेड्यापाड्यांतली मंडळी शहरातल्यासारखी वर्तमानपत्रं आणि वादविवाद यांतून उभी राहिली नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा सगळा मुलूख भाजून काढला होता. त्या आणि त्यापुढच्या वर्षांत महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली घरंच्या घरं मिशनकडे आली. त्यांच्यासाठी देऊळ बंद होतं, पाणवठा बंद होता, शाळेचा तर प्रश्नच नव्हता. मिशनने प्रत्येक गावी एक मास्तर बसवला. दिवसा मुलांची शाळा, रात्री गड्यांची, रविवारी उपासना. लग्न, मरण, सरकारी अर्ज, सावकाराचा कागद वाचून दाखवणं, सगळं त्याच्याच गळ्यात. साहेब कधीमधी घोड्यावरून यायचे, तपासणी करायचे, जायचे. रोजची मंडळी मास्तराने सांभाळली. आणि घराघरांत जाऊन सुनांना अक्षरं शिकवली ती बायबलबायांनी. फलकावर यांतलं एकही नाव नाही.

हे मी कमिटीत बोलले. उत्तर मिळालं, “बाई, त्यांच्या नोंदी नाहीत.” नोंदी नसतील, पण गावात पंच्याऐंशीच्या पुढची दोन माणसं आहेत, त्यांना आपल्या मास्तरांची नावं पाठ आहेत, छडीसकट. एक जण वही घेऊन दुपारभर बसला तर काम होईल. पेटीवाल्या मास्तरांनी होकार दिलाय. बघू.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेने दोन ओळींत उरकलीय, ती मला महत्त्वाची वाटते. अमेरिकन मिशनचे लोक काँग्रिगेशनल होते; म्हणजे मंडळीने आपला कारभार आपण पाहायचा, सेवकही आपणच निवडायचा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतीय मंडळीचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) ऐक्य झालं, निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या, बिशप आले, धर्मप्रांत आले, पाळकांच्या बदल्या आल्या. ऐक्य चांगलंच, मला त्याचा फायदा झाला. मी प्रेसबिटेरियन पंथाच्या घरातली, इथे मला कोणी परकी म्हटलं नाही. पण बदल्यांचा एक परिणाम गावाला भोगावा लागतो. एक पाळकसाहेब येतात, हौसेने काहीतरी सुरू करतात, तीन-चार वर्षांत त्यांची बदली होते, नवे येतात, त्यांची हौस वेगळी असते.

शिवणवर्गाचं असंच झालं. मागच्या पाळकीणबाई स्वतः शिवणकामात तरबेज. बाहेरच्या एका संस्थेने मशिनी दिल्या, फीत कापली, फोटो निघाले. बाया ब्लाउज शिवायला शिकल्या, काही जणींनी फॉल-पिको करून घरखर्चाला हातभार लावला. पाळकीणबाई बदलीवर गेल्या, संस्थेचं मानधन थांबलं, आणि मशिनी आता मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या कापडाखाली आहेत. तेल न घातल्यामुळे दोन तर जाम झाल्यात. नगरच्या मिशनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हाताला काम देणाऱ्या शाळा चालवल्या होत्या, डी. सी. चर्चिल नावाच्या अभियंत्याने तिथे हातमाग सुधारून दाखवला होता. त्या वारशाचा उल्लेख दर वर्धापनदिनाच्या भाषणात होतो. भाषण होतं त्या सभागृहापासून मशिनींची खोली वीस पावलांवर आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आसपासच्या वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. पिकअपमध्ये भांडी, चूल, शेळी आणि पोरं. परत येणं मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष उसाच्या फडात. आठवीतली मुलगी तिथे लहान भावंडं सांभाळते, भाकरी थापते, आणि परत आली की वर्गात बसायला लाजते. त्यातल्या कितीतरी जणींचं पुढच्या दोन वर्षांत लग्न लागलेलं असतं. मुलगा कारखान्यात असल्यामुळे मी फड जवळून पाहिलेत. पहाटेच्या थंडीत पाचटावर झोपलेली पोरं बघितल्यावर साखरेचा डबा उघडताना हात अडतो.

तर या मंडळीच्या महिला मंडळाने मिशनच्या जुन्या बंगल्यातल्या दोन खोल्या या पोरांसाठी हंगामभर उघड्या ठेवल्यात. सरकारच्या हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ती दरवर्षी वेळेवर आणि पुरेशी पोचेल याची खात्री गावाला वाटत नाही. बायांनी वाट बघणं सोडून दिलं. पोरं दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, संध्याकाळी इथे येतात, जेवतात, अभ्यास करतात. ज्यांचे आजी-आजोबा घरी आहेत ती झोपायला घरी जातात, बाकीची इथेच. मुलींच्या खोलीत रोज दोन बाया पाळीने झोपतात. पाळ्यांचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलेला असतो आणि पाळी चुकवणारीला पुढच्या आठवड्यात भांडी.

खर्चाचं काय, असं विचारलंत तर: दळणाला जायच्या आधी प्रत्येक घरी एक मूठ बाजूला काढली जाते, बाजरी, ज्वारी, गहू, जे असेल ते. शनिवारी ती गोळा होते. तेल-मिठासाठी कापणीच्या सणाचा लिलाव. हा लिलाव बघाच. लोक शेतातलं, परसातलं आणून वेदीपुढे ठेवतात, आणि उपासना संपल्यावर बाहेर आंब्याखाली बोली लागते. मी पाहिलेल्या लिलावात एका भोपळ्याला सातशे रुपये आले, कारण दोन व्याह्यांची चढाओढ लागली. घेणाऱ्याने तो भोपळा परत लिलावात टाकला. गेली तीन वर्षं बंगल्यातली चूल याच पैशांवर चाललीय, आणि या काळात दोन पाळकसाहेब बदलून गेले.

पोरं ख्रिस्ती घरांतली थोडी. वंजारी आहेत, बौद्ध आहेत, पारधी वस्तीवरची दोन भावंडं आहेत. त्यामुळे गावात कुजबुज व्हायची ती झालीच. मी नीट बघितलं. जेवणाआधी एक बाई दोन ओळींची प्रार्थना म्हणते, पोरं हात जोडून भाकरीकडे बघत बसतात. रविवारी उपासनेला या असं कोणी सांगत नाही. उलट त्या वेळी पोरं मागच्या मैदानात क्रिकेट खेळतात आणि चेंडू पत्र्यावर पडला की उपदेश दोन क्षण थांबतो. महिला मंडळाच्या काकूंना एका सरपंचाने तोंडावर विचारलं, “यात तुमचा फायदा काय?” काकू म्हणाल्या, “माझा बाप फडातच मेला.” पुढे कोणी विचारलं नाही.

कौतुक झालं, आता नर्सची नजर. पोरांना कोण न्यायला आलं, कधी नेलं, याची वही नव्हती. तोंडओळखीवर सगळं चालायचं. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात हे खरं, पण मुलींच्या बाबतीत मला हे चालत नाही. आता वही आहे, आई-बापाची सही किंवा अंगठा घेतात, मुकादमाचा मोबाईल नंबरही लिहून ठेवतात. खरजेची औषधं एकाच पोराला लावून भागत नाही, खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायची आणि पांघरुणं उन्हात टाकायची, हे समजवायला मात्र हंगामाचा पहिला महिना गेला. मुलींचं शौचालय बंगल्यापासून लांब आहे आणि वाटेवर दिवा नाही. हे काम कमिटीकडे अडकलंय, कारण वायर कोणाच्या मीटरवरून ओढायची हे ठरत नाही. मीटरच्या वादात पोरी अंधारात चालतात, हे मी बैठकीत याच शब्दांत सांगितलं.

वर्षातून एकदा आरोग्य शिबिर असतं. मांडव, बॅनर, बाहेरून आलेले डॉक्टर, रांग. रक्तदाब मोजला, साखर मोजली, चिठ्ठी हातात दिली, संपलं. ज्याचा रक्तदाब १८० निघाला त्याचं पुढे काय झालं हे कोणालाच माहीत नसतं. अशा शिबिराला मी एकही गुण देणार नाही. सांगून पाहिलं, मग महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या विधीनंतर मी स्वतःच टेबल टाकून बसू लागले. नावं, आकडे, गोळ्या चालू आहेत की सोडल्या, एवढंच लिहिते. म्हणजे या कामाबद्दल माझं मत तटस्थ धरू नका.

एक छोटं काम बाहेरच्याला दिसत नाही म्हणून सांगते. तरुण संघातली एक मुलगी, तीच कीबोर्डवाली, शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसते आणि शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे अर्ज भरून देते. ख्रिस्ती घरांना याची गरज जास्त का, ते इथे आल्यावर कळलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. गाव मात्र वागताना कोणाचा दाखला बघत नाही. त्यामुळे कुठल्या घराला कुठला अर्ज लागू आणि कुठला नाही, हा गुंता एकेका घराचा वेगळा. ती मुलगी तो न कंटाळता सोडवते, घरातल्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत मागे जाऊन. तिच्या हिंदी गाण्यांचा आवाज मी याच कारणाने सहन करते.

नव्याने येणाऱ्यांसाठी: आधीच्या मंडळीचं पत्र आणलंत तर सभासदत्व लवकर मिळतं, नाहीतर कमिटीच्या बैठकीची वाट बघा, आणि बैठक कोरमअभावी पुढे जाण्याची इथे रीतच आहे. पहिल्याच दिवशी उभं करून ओळख करून देतात. लाजणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी. उपासनेनंतर चहा मिळतो, गोड मिळतो. आजारपणात मात्र विचारपूस अशी होते की घरी भाजी करावी लागत नाही. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ज्या बाया डबा घेऊन आल्या त्यांतल्या निम्म्यांची नावं मला तोवर माहीत नव्हती.

बंगल्यातल्या पोरांसाठी काही द्यावंसं वाटलं तर जुने कपडे आणि चादरी नकोत, दोन कपाटं भरून पडल्यात. संध्याकाळी सहा ते आठ सातवी-आठवीचं गणित शिकवणारं माणूस हवंय, आठवड्यातून दोन दिवस आलं तरी चालेल. इंग्रजी मी बघते. जायला-यायला काळीपिवळीचं भाडं महिला मंडळ देतं, जेवण पोरांबरोबर.